तीन महिन्यांच्या गोळ्या

समुद्राच्या सान्निध्यात माणसाचं मन विशाल होतं. विमा कंपनीत तपासनीस असलेल्या थोरल्या जावयाचं मन मात्र किनाऱ्यावर उतरल्यापासून एका बॅगेएवढं झालं होतं.

बॅग सासऱ्यांची होती. सासरे धाकट्या मुलीकडे राहत. ती, तिचा नवरा आणि सासरे असे तिघे तपासनिसाकडे पाहुणे आले आणि त्याला व त्याच्या बायकोला घेऊन या भाड्याच्या बंगलीत दाखल झाले. मुक्काम दोन रात्रींचा. साडूची पिशवी एका खांद्यावर मावणारी. सासऱ्यांची बॅग उचलायला दोघं लागले.

"बाबांचं सामान जरा जास्त वाटतंय," तपासनीस म्हणाला.

"म्हातारं माणूस, असायचंच," साडू म्हणाला. "हवा काय मस्त आहे नाही?"

विषय हवेवर नेणाऱ्याचा दावा तपासनिसाने बावीस वर्षांत मंजूर केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाण्यात पाय बुडवायला गेले. तो टोपी विसरल्याचं सांगून परतला आणि त्याने बॅग उघडली. बाहेर घामाच्या धारा, आत दोन स्वेटर. स्वतःची उशी. एक जादा चष्मा. रक्तदाबाच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या.

प्रकरण उघड होतं. उद्या साडू हात हलवत घरी जाणार आणि ही बॅग आपल्या मागच्या खोलीत येणार. त्या खोलीत त्याचं टेबल होतं. बायकोशी दोन वर्षं हुज्जत घालून मिळवलेलं. त्यापाशी बसून तो काहीही करत नसे, आणि तेच त्याला हवं होतं.

पुरावे वाढत गेले. दुपारी साडू बंगलीच्या मालकिणीशी कुजबुजत होता; हा जवळ जाताच दोघं छताकडे बघू लागले. "भावोजी, किती वाळलात हो," म्हणत मेहुणीने त्याला सफरचंद सोलून दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला कधी काही सोलून दिलं नव्हतं.

रात्री जेवताना त्याने पहिला वार केला.

"आमच्याकडे हल्ली लिफ्ट बंदच असते," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "तीन जिने. त्यात मागच्या खोलीला ओल. टेबलाला बुरशी आलीय."

"कधी आली?" बायकोने विचारलं.

"येईलच."

सासरे मान खाली घालून जेवत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या भरल्या. बॅग पडवीतच होती. तपासनीस तिच्याशेजारी उभा राहिला.

"ही कोणाच्या डिकीत जायचीय, ते आत्ताच ठरवू," तो साडूला म्हणाला.

"कोणाच्याच नाही. बाबा इथेच राहतायत. बंगलीची समुद्राकडची खोली तीन महिन्यांसाठी घेतलीय त्यांनी."

तपासनिसाने बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"महिनाभर. बाबाच म्हणाले, जावईबापूंना शेवटी सांगा, ते चौकशी लावतात."

टेबल वाचलं होतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं; तो वाट बघत थांबला, पण वाटेना. तेव्हा तो पडवीच्या टोकाला गेला. सासरे समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसले होते.

"बाबा, आमच्याकडे यावं असं एकदाही मनात आलं नाही तुमच्या?"

"आलं होतं की." सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या त्या मागच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं हो?"

तपासनिसाने आठवून पाहिलं. कालची ओल सोडली, तर त्याने आयुष्यात खोटा अहवाल दिला नव्हता.

"शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी," तो म्हणाला.