गोपिकाचं दगडी वर्तुळ

पारशिवनीच्या फाट्यावर गोपिकाने हॉर्न न देताच गाडी वळवली. शेजारी बसलेल्या उत्तराने डोळे गच्च मिटून घेतले.

"घाबरून राहिली का वं?" गोपिका हसली. "ट्रॅक्टर चालवते मी. हे तं खेळणं आहे."

"तुझ्या ट्रॅक्टरवर कधी बसले नाही, म्हणूनच जिवंत आहे," उत्तरा म्हणाली.

दोघी नागपुरात होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेल्या. उत्तरा पुढे शिकत गेली, कॉलेजात पुरातत्त्व शिकवून निवृत्त झाली, आता धरमपेठेत राहते. गोपिका लग्न होऊन इकडे आली आणि वावरात रमली. नवरा गेल्यावरही तिने वावर सोडलं नाही. सोडायला लावणारे निघाले ते घरातलेच. पुण्यातला मुलगा रोहित आणि दीर बाबाराव यांनी शेतांचे प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याशी बोलणी केली होती. सातबाऱ्यावर तिघांची नावं, दोघं एका बाजूला आणि ही एकटी. पुढच्या आठवड्यात तो माणूस सौदा पक्का करायला येणार होता.

पण गोपिका काही रडत बसणारी बाई नव्हती. जमिनीत पुरातन काही निघालं की लेआउटवाला तिथे उभा राहत नाही, हे तिने उत्तराच्याच तोंडून ऐकलं होतं. मागच्या हिवाळ्यात उत्तराने तिला काटोल रोडने जुनापाणीला नेऊन दगडांची प्राचीन वर्तुळं दाखवली होती. कडेने मोठे दगड, आत मुरमाचा उंचवटा. झालं! एवढं तर मीही करीन, असं गोपिकाने तेव्हाच मनात म्हटलं होतं.

आणि केलंही. बाबाराव वर्ध्याला लग्नाला गेले तेव्हा तिने दुसऱ्या गावचा जेसीबी बोलावला. रस्त्यावरून दिसेल अशा जागी, वावराच्या मधोमध गोल आखला, दगड लावले, आत मुरूम टाकला. मुरमात मडक्यांची खापरं होती, तीसुद्धा वेचून फेकली. काम कसं स्वच्छ हवं! वरून शेणकाला शिंपडला, बकऱ्या बसवल्या. दगड पाहता पाहता म्हातारे झाले. वर्तुळ नवं की जुनं हे कळायला बाबारावांनी वावर कधी नीट पाहिलेलं तर हवं ना!

आता उरली होती फक्त उत्तरा. तिने एकदा "खरं आहे" म्हटलं की गंगेत घोडं न्हालं. मैत्रिणीला फसवायचं गोपिकाच्या जिवावर आलं होतं. पण वावर जाण्यापेक्षा ते परवडलं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

गाडी वावराच्या धुऱ्यापाशी, बांधालगत थांबली. उत्तरा उतरली ती थेट दगडांकडे. गोपिकाने थर्मासमधून चहा ओतला, तो निवला, तरी उत्तरा एकेका दगडाभोवती फिरतच होती. एका दगडापाशी ती गुडघ्यावर बसली.

"गोपे, इकडे ये. हात लाव इथे."

दगडावर छोट्या छोट्या गोल खळग्यांची एक ओळ होती.

"या वाट्या माणसाने कोरल्यात. जुनापाणीला दाखवल्या होत्या तुला, पण तुझं लक्ष कुठे होतं!"

गोपिका गारच पडली. असलं काही तिने कोरलं नव्हतं. "किती जुन्या असतील वं?"

"तीन हजार वर्षं. सहज."

गोपिकाने मनातल्या मनात कोराडीच्या देवीला नारळ बोलला. "म्हंजे लेआउट नाही पडत?"

"लेआउट? इथे आता कोणी खुंटी ठोकून दाखवू दे! उद्याच पुरातत्त्व खात्यात फोन करते. ते येतील, मधोमध खोदतील."

"खोदतील? काहून?"

"अगं, थडगं आहे हे. खाली माणूस पुरलेला असतो, त्याची भांडीकुंडी असतात. खरी किंमत त्याची. नुसत्या दगडांना कोण विचारतं? जागचे हलले की त्यांची खडी-गिट्टीच."

गोपिकाने चहाचा कप खाली ठेवला. खोदलं तर खाली काहीच निघणार नव्हतं; उत्तराचं आयुष्यभराचं नाव ती मातीत घालायला निघाली होती. हे मात्र तिच्याने होईना.

"उत्तरे, शिव्या दे मले, पण खोदाले कोणाले बोलावू नको. हे मीच केलं. जेसीबी लावून."

उत्तराने कपाळावर हात मारला. मग हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं भवाने! आणि माझ्या नावावर खपवणार होतीस?"

"मंग काय करू? वावर जाऊन राहिलं माझं. जीव आहे वं माझा याच्यात."

उत्तराने तिचा हात धरला. "नाही जाऊ देत. काहीतरी करू आपण." दुसरा हात अजून दगडावरच होता. बोटं खळग्यांवरून फिरता फिरता थांबली.

"पण या वाट्या गं?"

"त्या मी नाही कोरल्या. देवीची आण."

"दगड कुठले?"

"आपल्याच वावरातले. तिकडं नाल्याजवळ पडीत आहे ना, तिथले. सासूबाई तिथं कोणाले नांगर लावू देत नव्हत्या. मुरूमही तिथलाच."

उत्तरा उठून उभी राहिली. नाल्याच्या बाजूला ताज्या मातीचा मोठा खड्डा दिसत होता.

"शोधावे लागले?"

"छे! एकाच जागी सगळे."

"गोपे," खड्ड्यावरची नजर न काढता उत्तराने विचारलं, "कसे पडले होते ते?"

काय पण विचारते ही शिकलेली बाई, असं गोपिकाला वाटलं. "पडले कायचे? लावूनच ठेवले होते कोणीतरी," ती ठसक्यात म्हणाली. "अशेच. गोल."