शिट्टीच्या आधी

प्रशिक्षक हेमराजचा अंगठा शिट्टीच्या आधी स्टॉपवॉचवर दबत होता. फार आधी नाही, वीस-पंचवीस शतांश सेकंद. गोलू धावला तेव्हा अंगठा आणि शिट्टी बरोबरच चालली होती. चंद्रकुमार रेषेवर आला की मात्र हातातलं घड्याळ आधी सुरू व्हायचं आणि शिट्टी मागून वाजायची. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

"चार पॉइंट त्र्याण्णव," तो म्हणाला.

रीताने आकडा वहीत लिहिला. ती इथल्याच, जवाहरनगरच्या शाळेत खेळ शिकवायची. लहानपणी याच मैदानावर हेमराजच्या हाताखाली फुटबॉल खेळली होती.

"अबे चंद्या," गोलू ओरडला, "फॅक्टरीची बस बी तुह्यापेक्षा जोरात जाते बे!"

"हातमाग हाय थो," मागून कोणीतरी म्हणालं. "यंत्रमाग थोडीच हाय."

सगळे हसले. चंद्रकुमारचे वडील आंधळगावला हातमागावर बसत. तोही गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत हसला.

हेमराज हसला नाही. आकडा खोटा होता, पण खरा आकडाही काही बरा नव्हता. तीस मीटरला चार पॉइंट सत्तर. सतरा वर्षांच्या पोराला हे संथच. मग अंगठ्याला घाई कशाची होती? ते त्याला ठाऊक होतं. खेळ सुरू झाला की चेंडू जिथे यायचा, तिथे चंद्रकुमार आधीच उभा असायचा. कोणी त्याला निरोप धाडल्यासारखा. गोलू वाऱ्यासारखा पळायचा आणि चेंडू त्याच्या मागे पडायचा. हे पाहताना हेमराज नजर फिरवायचा. आपल्याच हाताखालचा पोरगा. बरं वाटायला हवं होतं. वाटत नसे.

सामानाच्या खोलीच्या दारावर आतून पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिला होता : ४.०८. तो हेमराजचा, तीस मीटरचा. तीस वर्षांत कोणी मोडला नव्हता. त्या वर्षी तो निवडीसाठी नागपूरला गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. डावा गुडघा गेला, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून त्या गुडघ्यावर पट्टा होता आणि चालीत थोडं लंगडणं होतं. "सरचा गुडघा चांगला असता ना," लोक म्हणत, आणि पुढचं वाक्य हळहळीत सोडून देत.

"सर, फॉर्म," रीता म्हणाली. "आज शेवटची तारीख हाय."

नागपूरच्या अकादमीला एका मैदानातून एकच नाव जायचं. फॉर्मात नावाखाली प्रश्न होता : वेग कमी असल्यामुळे खेळाडूच्या वाटचालीवर मर्यादा येईल काय? दोन वर्षं हेमराजने चंद्रकुमारच्या नावाखाली 'हो' लिहून तो फॉर्म खिशातच ठेवला होता आणि दुसऱ्याचं नाव धाडलं होतं. पुढच्या वर्षी चंद्रकुमारचं वय निघून जाणार होतं. आज टाळलं की कायमचंच टळलं.

"गोलूचं लिहू?" रीताने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "का चंद्याचं?"

"थांब. तुह्या डोळ्यानंच पाहून घे."

त्याने दोघांना मध्यरेषेवर उभं केलं. चेंडू स्वतः मारायचं ठरवलं. जो आधी पोचेल त्याचं नाव. त्याने मान डावीकडे वळवली, डावीकडच्या कोपऱ्यावर नजर रोखली आणि धावत येऊन चेंडू उजवीकडे हाणला. लाथेबरोबर अंगठा दाबला. या वेळी अगदी वेळेवर.

गोलू डावीकडे सुटला. चार पावलांनी त्याला कळलं, तो वळला आणि जीव खाऊन पळाला. चंद्रकुमार चेंडू सुटायच्या आधीच उजवीकडे निघाला होता. शेवटची पाच-सहा पावलं तर तो चालत गेला. चेंडू आला, त्याने तळपायाखाली घेतला. हेमराजच्या हातात घड्याळ चालूच राहिलं.

"काहून बे? तुले कसं समजलं?" हेमराजने विचारलं. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला.

चंद्रकुमार चेंडू घेऊन जवळ आला. "तुमच्या डोयाकडं मी पायतच नाही, सर. उजव्या पायानं मारता ना तुमी, तवा सारा भार डाव्या गुडघ्यावर देता. थो गुडघा जिकडं वाकते, तिकडं चेंडू जाते."

तो सहज बोलला. शिकवलेला धडा म्हणून दाखवावा तसा.

रीताची नजर खाली गेली, पट्ट्यावर. गोलूचीही गेली.

"कवापासून पाहून राहिला?" हेमराजने विचारलं.

"दोन वर्सं झाली, सर."

दोन वर्षं. ज्याला गुडघा दिसला, त्याला अंगठाही दिसला असणार. दर वेळी तो रेषेवर उभा राहिला होता, घड्याळ सुरू झालेलं बघत होता आणि तरी शिट्टीसाठी थांबला होता.

हेमराजने घड्याळ बंद केलं. खाली वाकला आणि पट्टा सोडला. आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली होती. त्यावर एकही व्रण नव्हता. तो दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला.

"चंद्रकुमारचं नाव लिही, रीता, अन् खाली 'नाही' लिही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नागपुरातून मले गुडघ्यापायी नोयतं धाडलं वापस. मले पळता येत होतं, पण कुठं पळाचं थे दिसतच नोयतं."