सोन्यावरचा अधिभार

"ही शेवटची ओळ कसली?" आप्पासाहेबांनी बिलावर बोट ठेवलं.

"संरक्षण अधिभार," बद्रीनाथ सराफ म्हणाला. "सैन्याच्या खर्चासाठी. दोन महिने झाले, सोन्यावर लागतोय. तुमच्या पाच तोळ्यांवर अठरा हजार."

मोतीरामनं गुडघा चोळला. सकाळी करमाडहून निघाला होता. शहरातलं हे तिसरं दुकान. लेकीच्या अंगावर पाच तोळे घालायचं कबूल केलं होतं, आणि तेवढेच पैसे पिशवीत होते.

"पाव्हणं, हे तुमच्याकडं," आप्पासाहेब म्हणाले.

"आमच्याकडं कसं? बोलणं सोन्याचं झालंय, अधिभाराचं नाय."

"मुलाच्या बापानं भरलेला ऐकलाय का कुठं?"

मोतीरामनं पिशवीतले पैसे चाचपले. लेकीच्या, संस्कृतीच्या, दोन सोयरिकी आधीच मोडल्या होत्या. ही मात्र हातची जाऊ द्यायची नव्हती. आप्पासाहेबांच्या सत्यमला सरकारी नोकरी, पगार वेळेवर, पुढं पेन्शन. त्या नोकरीकडं बघूनच तीन तोळ्यांचे पाच झाले होते. त्यात त्याला रजा पंधराच दिवसांची. तारीख हुकली की वर्ष गेलं.

"लढाई जिंकली तवा तुमच्या लासूर स्टेशन गावात पेढे तुम्हीच वाटले म्हणं," मोतीराम शेवटी म्हणाला.

"वाटले की. खुशीनं वाटले, दोन किलो. ही जबरदस्ती झाली. तोफा घ्यायच्यात तर सरकारनं घ्याव्यात. आपल्या सोन्याचा काय संबंध?"

मोतीरामलाही तसंच वाटत होतं.

आप्पासाहेब उठून चपला शोधायला लागले.

"बसा हो," बद्रीनाथनं आवाज उतरवला. "पक्कं बिल कशाला पाहिजे? साध्या चिठ्ठीवर लिहून देतो. अधिभार नाय, भांडण नाय."

दोघा व्याह्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"आधी बोलायचं की शेठ. आमचं रगत कशाला आटवलं?" आप्पासाहेब हसले.

बिल फाडलं गेलं. चहा आला. दिवसभरात पहिल्यांदाच मोतीरामनं भिंतीला पाठ टेकली.

"पोराला एकदा दाखवू. त्याची पसंती नको का?" म्हणत आप्पासाहेबांनी व्हिडिओ फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. मोतीरामनं पाच तोळ्यांचा हार दिव्याखाली धरला.

फोनवर आधी सगळं पांढरंच दिसलं. मग एका हातमोज्यानं काचेवरचा बर्फ पुसला गेला, आणि खांद्यावर रायफल अडकवलेला, वर्दीतला सत्यम हसत म्हणाला, "लवकर दाखवा मामा, माझी पहाऱ्याची पाळी आलीय."