उतरता काटा

"थांबलं की स्वस्त होतं," याप म्हणाला आणि टेबलावरची तिन्ही माहितीपत्रकं पुन्हा एकावर एक नीट रचून ठेवली.

"अहो, हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, ट्युलिप नाहीत," रीन्स्के म्हणाली. गावातल्या निम्म्या फुलवाल्यांचे हिशेब ती बघायची; लिलावात फुलं घेऊन दुकानांना पुरवणारा याप त्यांतलाच एक. यापच्या स्वयंपाकघरातली तिची ही तिसरी खेप होती आणि कॉफीचा चौथा कप.

"सगळं सारखंच असतं, बाई. घाई करणारा जास्त देतो."

"आणि थांबणाऱ्याची बायको रविवारी बादल्या मोजते," लीडी म्हणाली. टेबलाच्या कडेला बसून ती पेन्सिलीने एका लांबलचक यादीवर खुणा करत होती. फुलं ज्या बादल्यांतून दुकानांत जातात, त्या लिलावघराच्या असतात. दुकानांनी परत केल्या नाहीत तर भुर्दंड यापला. कुठल्या दुकानात किती राहिल्या, हे फक्त लीडीच्या यादीत असायचं. "जुनं सॉफ्टवेअर सोमवारी बंद होतंय, याप. नवं येणार ते बादल्या मोजणारं असलं तर ठीक. नाहीतर हे काम तुझं. गेल्या वर्षभरात माझी होडी एकदाही पाण्यात उतरली नाही."

"बघतोय ना मी!"

"मार्चपासून बघतोयस."

रीन्स्केने चष्मा पुसला. मग फुलांच्या खोक्याचं एक झाकण ओढून घेतलं, त्याच्या मागच्या बाजूला मोठा गोल काढला आणि कडेने आकडे लिहिले. सगळ्यात वर पंचाण्णव. मधोमध एक चमचा ठेवला.

यापचे डोळे चमकले. "घड्याळ!"

"घड्याळ. तुमच्या आल्समीरचंच." तिथल्या लिलावात किंमत चढत नाही, उतरते. काटा महागापासून खाली येतो आणि जो पहिल्यांदा बटण दाबतो, माल त्याचा. लवकर दाबलं तर जास्त पैसे मोजावे लागतात, उशीर केला तर माल दुसराच घेऊन जातो. यापने चाळीस वर्षं हेच केलं होतं.

"सगळ्या सोयी असलेलं सॉफ्टवेअर, महिन्याला पंचाण्णव युरो," रीन्स्के म्हणाली. "मी एकेक सोय काढत जाणार, काटा खाली येणार. काय काढणार ते आधी सांगेन. जी गेलेली चालणार नाही, तिचं नाव ऐकलं की टेबलावर हात मारायचा. टेबलाशी बसलेले सगळे खेळात." बोलता बोलता तिने लीडीचा कप उचलून बाजूला ठेवला.

यापने बाही वर केली. पंजा टेबलापासून चार बोटं वर धरला. सवयीचा हात होता, जराही हलत नव्हता.

"परदेशी चलनं जातायत."

"जाऊ देत. जर्मन लोक युरोच देतात. देतात तेव्हा."

चमचा ऐंशीवर आला.

"कामगारांचे तास जातायत."

"कामगार म्हणजे मी. मला माझे तास माहीत आहेत."

"मलाही," लीडी म्हणाली. "त्यातले निम्मे झोपेचे."

सत्तर.

"रंगीत आलेख."

याप क्षणभर घुटमळला. "ते छान दिसत होते हो. केशरी रंगाचा तर..." मग त्याने मान हलवली. "जाऊ देत."

साठ.

"अडलं तर फोनवर बोलणारा माणूस."

"मग अडल्यावर मी कुणाशी बोलू?" लीडीने विचारलं.

"माझ्याशी बोल."

"तुझ्याशी? डेल्फ्टच्या दुकानात आपल्या किती बादल्या अडकल्यात, सांग बरं."

"वीसेक."

"त्र्याण्णव."

"बघा, जवळजवळ सांगितलंच होतं," याप रीन्स्केला म्हणाला. त्याची नजर चमच्यावरून हटली नव्हती. "काढा माणसाला. चला खाली."

पन्नास. यापच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. लिलावात काटा खूप खाली येऊनही कुणी बटण दाबत नाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हेच हसू असायचं. आज तर समोर दुसरा व्यापारीही नव्हता.

रीन्स्केने चमच्यावर बोट ठेवलं. "आता बादल्यांची नोंद जाते—"

"अजून थोडं," याप पुटपुटला, "अजून थोडं खा—"

धाड!

कप उडाले. चमचा गोलाबाहेर जाऊन पडला. पेन्सिल गडगडत टेबलाखाली गेली.

लीडीचा पंजा टेबलावर सपाट टेकलेला होता. यापचा अजून तसाच हवेत.

"विकलं," रीन्स्के म्हणाली. तिने मधलं माहितीपत्रक काढून लीडीपुढे ठेवलं आणि वर पेन ठेवलं.

"असं कसं?" याप उठूनच उभा राहिला. "गिऱ्हाईक मी आहे! तिने उभ्या जन्मात घड्याळ पाहिलेलं नाही!"

"पहिला हात कुणाचा पडला?"

चाळीस वर्षांत हा नियम यापने स्वतः किती जणांना ऐकवला होता. लीडीने सही केली, तळहात लाल झाला होता त्यावर फुंकर घातली आणि खो खो हसायला लागली. थोड्या वेळाने याप खाली बसला. त्यालाही हसू आवरेना.

"बरं, घेतलंस तर घेतलंस," तो म्हणाला. "पण केवढ्याला घेतलंस, ते तरी ठाऊक आहे का?"

"काय की," लीडी म्हणाली. "मी काट्याकडे बघितलंच नाही."