एमिलचा झोका

“टोपी आठवते बघ मला त्याची,” स्टील गिटार वाजवणारा मार्व्हिन युरेच्का म्हणाला. “तोंड नाही आठवत.”

रोझीनने मान हलवली. सकाळपासून जो तो हेच सांगत होता. प्लम क्रीकच्या डान्स हॉलमध्ये त्या रविवारी गावोगावची माणसं जमली होती, मागे होऊन गेलेल्या स्टील गिटारवाल्यांची आठवण काढायला. भिंतीवर त्यांचे फोटो लावले होते. तिच्या बापाच्या, एमिल ह्रुस्काच्या, एकाही फोटोत चेहरा दिसत नव्हता. नुसती खाली घातलेली मान आणि टोपीचा काठ.

त्यात एमिलचा दोष नव्हता. पेडल स्टील हे वाद्यच मुळी खाष्ट सासूसारखं. टेबलासारखं आडवं पुढ्यात घ्यायचं, पायांनी पेडल दाबायची, गुडघ्यांनी दांड्या रेटायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. कांडी केसभर इकडेतिकडे झाली की सूर बोंबलला! डोळे तारांवरच ठेवावे लागतात.

पण रोझीन कॅलिफोर्नियाहून एवढ्या लांब आली होती ती आईच्या एका बोलण्यामुळे. आल्बिना मरेपर्यंत सांगत राहिली, “आठ दिवसांची तुला घेऊन मी प्लम क्रीकच्या त्या हॉलच्या दारात उभी राहिले. त्याने वाजवणं थांबवलंसुद्धा नाही.” बाळंतपण माहेरी झालेलं. एमिल महिनाभर गावोगावच्या नाचांना वाजवत फिरत होता. त्याच रात्री सासुरवाडीला जाताना त्याचा ट्रक ओढ्याच्या पुरात गेला. बापाने आपल्याला एकदा तरी पाहिलं का, एवढंच रोझीनला हवं होतं. पण असं परक्या माणसांना कसं विचारायचं? म्हणून ती आपली चेहऱ्याची चौकशी करत होती.

दुपारी मार्व्हिनने जुना टेप लावला. एमिलच्या शेवटच्या नाचाचा, रेडिओवरून थेट गेलेला. पहिला सूर निघाला आणि बाप्ये लोकांनी टोप्या काढल्या. बिअरचे ग्लास टेबलांवर टेकले. एमिलचा वॉल्ट्झ होता तो. स्टीलचा आवाज असा यायचा की माणूस रडतोय की गातोय, कळू नये. आणि तिसऱ्या फेरीत ती जागा आली. सूर आपल्या ठिकाणावरून निसटला, वर गेला, क्षणभर तिथेच लोंबकळला आणि धावत परत आला.

“झोका,” कुणीतरी कुजबुजलं.

या भागातला प्रत्येक स्टीलवाला तो झोका शिकला होता. म्हणजे शिकायचा प्रयत्न करून थकला होता. कुणी म्हणे गुडघ्याची करामत, कुणी म्हणे दोन पेडल एकदम. मार्व्हिनने तर त्यावर उभा जन्म घालवला होता. टेप संपल्यावर तो वाद्याला बसला आणि वाजवला त्याने. सुंदर वाजवला. तरी शेवटी स्वतःच म्हणाला, “छ्या! तो नाहीच हा. एमिल देवमाणूस, त्याचं त्यालाच ठाऊक.”

लोक टाळ्या वाजवत होते. रोझीनने पर्स उचलली. बाप देव निघाला होता, पण देवाकडून तिला हवं ते मिळालं नव्हतं.

“ए पोरी, थांब.”

कोपऱ्यात म्हातारा डेल्बर्ट कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, खात बसला होता. एमिलच्या बँडमधला एवढाच उरला होता, ड्रम वाजवणारा. त्याने ओठांवरचा जर्दाळूचा मुरंबा पुसला.

“ती चूक होती,” तो म्हणाला.

“म्हाताऱ्या, चढली काय तुला?” मार्व्हिन उसळला.

“गप बस रे. मी त्याच्या पाठीमागेच बसायचो. ड्रमवाल्याला दुसरं काही दिसो न दिसो, दार दिसतं.” डेल्बर्ट म्हणाला. “नाच संपल्यावर त्याने मला शपथ घातली. म्हणाला, रेडिओवर चाललं होतं, मी चुकलो हे कुणाला सांगू नकोस. आणि रात्रीत गेलाच की तो. मग तुम्ही त्याच्या चुकीची आरती ओवाळायला लागलात. मी कुठल्या तोंडाने बोलू?”

“पण ते चुकले कसे?” रोझीनने विचारलं.

“तुझी आई दारात आली होती. तो वाजवायचा थांबला नाही, हे खरं आहे. तिने रागाने पाठ फिरवली. पण तू तिच्या खांद्यावर होतीस ना! तुझं तोंड आमच्याकडे. आणि एमिलने मान वर केली.”

रोझीन मटकन खुर्चीत बसली. मार्व्हिनने पुढ्यातल्या तारांकडे पाहिलं. सगळा जन्म तो ती जागा पेडलात शोधत आला होता.

“बाई,” तो हलकेच म्हणाला, “जरा त्या दारात जाऊन उभ्या राहता?”

ती गेली. चौकट धरून उभी राहिली. मार्व्हिनने मान खाली घातली आणि वॉल्ट्झ सुरू केला. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीत ती जागा आली तेव्हा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एमिलचा झोका बरोब्बर आला.