वाकडी रेघ

माळावरच्या त्या उभ्या दगडानं ताईच्या डोक्याचा पार भुगा केला होता. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तो उभा केला, त्यावर एकच वाकडी रेघ कोरली आणि मोकळा झाला. चंद्रकोर म्हणावी तर टोकं जुळत नव्हती, होडी म्हणावी तर आसपास पाण्याचा पत्ता नव्हता, विळा म्हणावा तर तेव्हा लोखंडच नव्हतं. ताईचा शोधनिबंध पुन्हा साभार परत आला होता. त्यात धाकट्या भावाचं टुमणं सुरू होतं, आईच्या थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते एकदाचं सांग.

“‘प्रेमळ माता’ टाकू या की,” तो म्हणाला.

“प्रेमळ? जन्मभर खेकसत होती आपल्यावर!” ताई उखडली. “आणि लोकांचे कपडे शिवून आपल्याला वाढवलं, ते कुठे बसणार तुझ्या दोन शब्दांत?”

शेवटी ती तणतणतच भावाला घेऊन पाथरवटाकडे गेली. तिथला खडू उचलून तिनं आईच्या कोऱ्या दगडावर एक रेघ ओढली आणि म्हणाली, “एवढंच कोरा.”

भावानं मान तिरकी करून पाहिलं. “चंद्रकोर आहे का ही? का होडी?”

“होडी काय, होडी! मशीनवर वाकलेली आईची पाठ आहे ती!” ताई कडाडली, आणि स्वतःच त्या रेघेकडे नव्यानं पाहू लागली.

माळावरच्या दगडाला ती इतकी वर्षं ‘हे काय?’ असंच विचारत आली होती. ‘हे कोण?’ असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं.