पोतनीसांचा नळ

सकाळी सव्वासातला कुमुदताईंच्या फोनमधून गावच्या नळांवर लक्ष ठेवणारा यंत्रसहायक बोलला, "भार्गवराव पोतनीसांचा नळ आज अजून उघडलेला नाही. एकदा बघून याल का?"

शेजारी असूनही फणसाच्या एका फांदीवरून दोन्ही घरांत नऊ वर्षं अबोला होता. कुमुदताई उखडल्या. "मला कशाला सांगतोस? पंचायतीला सांग!"

"ग्रामसभेचा ठराव आहे, ताई. एकट्या राहणाऱ्याचा नळ सकाळी उघडला नाही, तर ती माहिती त्यानं नेमलेल्या एकाच माणसाला द्यायची. त्यांनी तुमचं नाव दिलंय."

थालीपीठ तव्यावर तसंच टाकून त्या धावल्या. दार ढकललं, तर भार्गवराव झोपाळ्यावर निवांत चहा पीत बसलेले.

"नळ का नाही उघडलात?"

"कालच हंडा भरून ठेवला होता. त्या यंत्राचं लक्षातच राहिलं नाही."

"आणि नाव माझंच सुचलं?"

"मुलगा पुण्याला. बाकीचे म्हणतील, बघू सावकाश. मी खरंच गेलो का, हे बघायला तुम्ही मात्र धावत याल, याची खात्री होती!"

कुमुदताई हसू दाबत घरी परतल्या. थालीपिठाचा कोळसा झाला होता.

"माझ्या नळासाठी भाचीचं नाव आहे ना?" त्या फोनला म्हणाल्या. "ते काढ. पोतनीसांचं घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नळाकडे नेलेला हात मागे घेतला. आदल्या दिवशीच्या हंड्यातलं पाणी घेऊन पीठ भिजवलं आणि दोघांपुरती थालीपिठं थापायला बसल्या.